जुनी थार घ्यायला जाताना सतरंजी सोबत ने

पत्र: काका, मी पाटण तालुक्यात खाजगी पशुवैद्यक म्हणून काम करते. कोयनेच्या बाजूचे सहा-सात धनगरवाडे माझ्याकडे आहेत. पावसाळ्यात दुचाकी निम्म्या वाटेत ठेवून चालत जावं लागतं. गेल्या श्रावणात एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. मी पोचेपर्यंत उशीर झाला. तेव्हाच ठरवलं, फोर व्हील ड्राइव्ह गाडी घ्यायची. सगळे मिळून साडेसहा लाख जमलेत. दोन जुन्या थार बघितल्यात, दोन्ही डिझेल सीआरडीई, म्हणजे कॉमन रेल इंजिनच्या. पहिली कराडच्या एका एजंटाकडे आहे: २०१४ ची, एमएच ०८ पासिंग, तिसरा मालक, ८६ हजार किलोमीटर, ३१ इंची टायर, उचललेली, पुढे विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), खालून नवा काळा रंग मारलेला. सहा लाख म्हणतोय. दुसरी एका शेतकऱ्याची: २०१६ ची, पहिलाच मालक, १ लाख ३४ हजार किलोमीटर, कापडी हूड फाटलेलं, दारांना पोचे, बाकी सगळं कंपनीचं जसंच्या तसं. तो पाच लाख नव्वद हजार म्हणतो. मला पहिली आवडलीय. बाबा म्हणतात, बोलेरो घे. कुठली घेऊ? घेतल्यावर आधी काय करून घेऊ? आणि मागे कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य ठेवायचा द्रव नायट्रोजनचा कंटेनर न्यायचा आहे, तो कसा ठेवू? – तुमची पुतणी समजा

उत्तर:

पुतणी म्हणालीस म्हणून अरेतुरे करतो.

‘मी पोचेपर्यंत उशीर झाला’ ही तुझी ओळ वाचून थांबलो. गाडी निवडताना तीच डोक्यात ठेव. रात्री दोनला फोन येतो, बाहेर धो धो पाऊस, अशा वेळी पहिल्या चावीला सुरू होऊन तुला वाड्यावर पोचवेल आणि परत घरी आणेल अशी गाडी तुला हवीय. त्या हिशेबानं माझा कौल शेतकऱ्याच्या गाडीला आहे, फाटक्या हुडासकट. मात्र गाडीखाली शिरून बघितल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नकोस.

आधी पैशाचं बोलू. साडेसहातला एक लाख आजच वेगळा काढ आणि त्याला हात लावू नकोस. नावावर करणं, विमा आणि पहिली दुरुस्ती त्यातूनच होणार आहे. म्हणजे गाडीला तुझ्याकडे साडेपाच आहेत. जुनी गाडी घेताना लोक खिशातला शेवटचा रुपयाही गाडीतच घालतात आणि मग सहा महिने जुन्याच तेलावर चालवतात. डोंगरातल्या गाडीला ते सोसत नाही. शेतकरी पाच नव्वद म्हणतोय, पण तू खाली जे बघशील ते त्याला दाखवून बोललीस तर भाव उतरेल.

आता पहिली गाडी का नको, ते नीट सांगतो, कारण तुझं मन तिच्यावर आहे. २०१० ते २०२० च्या थार सीआरडीईला पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आहे, टॉर्शन बारवरचं (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी कांब), आणि मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. पुढून गाडी उचलायची सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे टॉर्शन बारचे बोल्ट आवळायचे. गाडी वर येते, रुबाबदार दिसते, पण चाकाला ताकद नेणारे ड्राइव्ह शाफ्ट कायमचे तिरके होतात. त्यांच्या टोकाचे सीव्ही जॉइंट वाकड्या कोनात फिरत राहतात, वरचे रबरी बूट घडीवर चिरतात, ग्रीस बाहेर उडतं आणि चिखल आत जातो. मग वळणावर कट-कट-कट आवाज सुरू होतो. बॉल जॉइंटचंही तेच. चांगलं किट घालून जाणकारानं उचललेली गाडी वेगळी, पण तिसऱ्या मालकाकडून एजंटाकडे आलेल्या गाडीत काय घातलंय हे तुला कोण सांगणार?

टायरचंही बघ. कंपनीचा टायर २३५/७० आर १६, त्याची उंची साधारण २९ इंच. त्याजागी ३१ इंची घातला की गाडी शंभर किलोमीटर धावली तरी मीटरवर ९३ च दिसतात. म्हणजे कोणी मीटरला हात लावला नाही असं धरलं तरी ते ८६ हजार ९२ हजारांपर्यंत जाऊ शकतात. शिवाय एवढं मोठं चाक फिरवायला क्लचवर जोर पडतो आणि थांबवायला ब्रेकवर. या थारना एबीएस नाही, एअरबॅग नाहीत. घाटात ब्रेक हाच तुझा आधार, त्याच्यावर आणखी ओझं टाकू नकोस.

विंच बघून मला पहिला प्रश्न पडतो की ही गाडी कुठं कुठं अडकत होती. विंचसाठी बसवलेल्या अवजड बंपरांचा कायद्यानंही त्रास आहे. असे बाहेरचे क्रॅश गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलंय, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंदी घालतं. अपघातानंतर विमा कंपनीनं हेच बोट दाखवलं तर नुकसान तुझं.

पण मला सगळ्यात जास्त खटकला तो खालचा नवा काळा रंग.

माझी पहिली जीप मी रंग बघूनच घेतली होती. १९९८ साल. चेसिस आरशासारखी काळीभोर, मागच्या चाकांच्या आतल्या बाजूसुद्धा रंगवलेल्या. विकणारा म्हणाला, हौसेनं सांभाळलीय. पहिल्याच पावसाळ्यात आंबेनळी घाट उतरत होतो. शेजारी बायको, तिच्या मांडीवर दीड वर्षाची लेक. पोलादपूरच्या बाजूला एका उतारावर ब्रेक दाबला तर गाडी उजवीकडे ओढली गेली. पुन्हा दाबला, पेडल घट्ट, पण गाडी थांबेना. दुसऱ्या गिअरवर टाकून डोंगराकडच्या चरात घातली, म्हणून आज हे लिहितोय. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी मागचा ड्रम काढला. ब्रेक शू ओलेकिच्च, काळे, चकचकीत आणि गिअर ऑइलचा तो गंधकासारखा उग्र वास. एक्सलचं ऑइल सील कधीचं गेलेलं, तेल ड्रममध्ये उतरत होतं. बाहेर ओघळ दिसू नये म्हणून कोणीतरी चाकाची आतली बाजू पुसून वर रंग मारला होता. एका रबरी सीलपायी तिघं दरीत गेलो असतो. त्या दिवसापासून ताजा रंग दिसला की मी आधी नखानं खरवडतो.

तर खाली अंथरायला सतरंजी घे, चांगला टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि एक छोटी हातोडी. आधी फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेट उघडून इंजिनला हात लाव. कोमट लागलं तर मुकाट्यानं परत ये, दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन जे दाखवतं ते गरम इंजिन लपवतं.

मग खाली शीर. मागच्या चाकांची आतली बाजू पहिल्यांदा बघ, कारण आताच सांगितलं. तिथे तेलाचे ओघळ किंवा तेलाला चिकटलेली धूळ नको. डिफरन्शियल (एक्सलच्या मधला दातेरी गोळा), ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी पेटी), गिअरबॉक्स यांना तेलाचा थोडा घाम आलेला चालेल, दहा वर्षांच्या गाडीला येतोच. थेंब लटकत असेल तर सील गेलंय, तो खर्च हिशेबात धर. पाट्यांमध्ये एखादं पान तडकलेलं आहे का, मधला सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट जागेवर आहेत का ते बघ. पुढे येऊन सीव्हीचे रबरी बूट घडी ताणून तपास, वरून साबूत वाटणारी चीर घडीत असते. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा, दोन्ही हातांनी धरून उलटसुलट हलव. त्याच्या टोकाच्या सांध्यात, क्रॉसमध्ये, टक्-टक् खेळ लागला तर तो बदलावा लागेल.

आणि चेसिस. हातोडीनं हलकेच ठोकत जा, मागच्या टोकापासून पुढपर्यंत. निरोगी लोखंड टण वाजतं. आत गंजून पातळ झालेलं किंवा चिखल साचलेलं लोखंड थप वाजतं. थप वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघ. तो आत रुतला किंवा पापुद्रा निघाला तर ती गाडी घ्यायची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, कुजलेल्या चेसिसवर पैसे घालण्यात अर्थ नाही. चेसिसवर मधेच वेल्डिंगचा जोड दिसला तरी विचारून घे, उत्तर पटलं नाही तर सोड.

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी किती चढलं होतं हे पाटणकरांना मी सांगायला नको. हजारो गाड्या बुडाल्या. तिकडून आलेली प्रत्येक गाडी बुडीतच असेल असं मी म्हणत नाही, आणि पूर २०१९ ला सांगली-कोल्हापुरातही होता, तेव्हा शेतकऱ्याच्या गाडीचीही हीच परीक्षा कर. थारची फरशी पाण्यानं धुता येते, त्यामुळे ती स्वच्छ दिसली तरी भुलू नकोस. सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी रीळ संपेपर्यंत ओढ. विकणारे वरचा हातभर पट्टा धुतात, खाली गुंडाळीत पुराच्या गाळाची पिवळट रेघ तशीच राहते. ती रेघ मी स्वतः दोनदा पकडलीय, बोटाला मऊ मातीची पूड लागते. मग सीटच्या रुळांचे बोल्ट बघ, डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरींचे कनेक्टर सोडवून बघ. तांब्यावर हिरवी पूड म्हणजे पाणी गेलंय. सीआरडीई इंजिन कॉम्प्युटरवर चालतं. बुडालेली वायरिंग आज चालेल, उद्या चालेल आणि ऐन आषाढात कोयनेच्या कडेला बंद पडेल.

आता इंजिन सुरू करायला सांग आणि तू मागे उभी राहा. सुरू होताना एक काळा भपका चालतो. निळसर धूर राहिला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही जात नसेल तर आत कुलंट जातंय किंवा डिझेल नीट जळत नाही. चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढ. थोडी वाफ येते, पण पंप मारल्यासारखी हवा आणि तेलाचे शिंतोडे आले तर त्याला मेस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, इंजिनचं काम निघालंय असं समज. १ लाख ३४ हजारांना घाबरू नकोस. वेळेवर तेल मिळालेलं डिझेल इंजिन त्यापुढेही बरीच वर्षं चालतं. तेल मिळालंय का, हे त्या शेतकऱ्याकडच्या सर्व्हिसिंगच्या पावत्या सांगतील, त्या माग.

फोर व्हील ड्राइव्ह खरंच लागतं का, हे बहुतेक जण बघतच नाहीत. नुसता लिव्हर टाकून दिवा पेटला की समाधान. तू असं कर: मुरमाच्या किंवा मातीच्या मोकळ्या जागेत गाडी ने, डांबरावर नको. ४ एलमध्ये (फोर व्हीलचा सगळ्यात संथ, जोरकस टप्पा) टाक, स्टेअरिंग पूर्ण वळव आणि पहिल्या गिअरवर हळू फिरव. गाडी अडखळते, चाकं मातीत घसटतात असं वाटलं तर खूश हो. पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना जखडलेत याची ती खूण आहे. सहज लोण्यासारखी वळली तर पुढची चाकं लागतच नाहीयेत. डांबरावर हा प्रयोग करायचा नाही, कारण तिथे चाकं घसरू शकत नाहीत आणि तो सगळा पीळ ट्रान्स्फर केसवर बसतो. गाडी घेतल्यावरही कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील कधी लावू नकोस.

२०१६ च्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. २०१५ मध्ये थारमध्ये बदल झाले तेव्हा सीआरडीईला मागे लॉकिंग डिफरन्शियल आलं. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की ते आपोआप दोन्ही चाकांना जखडतं, मग घट्ट जमिनीवरचं चाक गाडी ओढून काढतं. ते चालू स्थितीत असेल तर तुझ्या वाटेला विंचची गरज क्वचितच पडेल.

बाबांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. बोलेरोचा सुटा भाग कुठल्याही बाजारगावात मिळतो आणि चार माणसं त्यात सुखानं बसतात. थारच्या मागच्या आडव्या बाकांवर तुझ्या आईला बसवून साताऱ्याला नेशील तर ती पुन्हा बसणार नाही. पण साधी बोलेरो मागच्या दोन चाकांवर चालते, आणि ओल्या लाल मातीच्या चढावर मागची चाकं फिरायला लागली की तिचा इलाज संपतो. एक-दोनच वाडे असते तर मी बाबांच्या बाजूनं बोललो असतो. सहा-सात आहेत, आणि तुझं काम ऐन पावसातलं आहे. हे बाबांना असंच सांग, त्यांना पटेल.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या कोरीव नंबराशी अक्षर-अक्षर जुळव. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुझ्यासमोर होऊ देत. थकलेली ई-चलानं तपास. गाडी नावावर झाली की विमाही लगेच तुझ्या नावावर करून घे. २०१६ ची नोंदणी २०३१ पर्यंत चालेल, मग पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागेल. कोणी दिल्लीची दहा वर्षं झालेली थार स्वस्तात देतो म्हणाला तर त्यात इथला कर, नवा नंबर आणि तिकडच्या ना-हरकतीसाठी घालायच्या फेऱ्या मिळवून बघ, स्वस्ताई बरीचशी तिथेच जिरते.

गाडी घरी आली. पहिले पंधरा दिवस डोंगरात नेऊ नकोस, कोणी कितीही बोलावलं तरी दुचाकी आहे. या पंधरा दिवसांत गाडीतलं प्रत्येक तेल बदल. शेतकरी म्हणेल, मागच्याच महिन्यात टाकलंय. त्याचं खरं असेल, तरी बदल. त्यातून तुझी शून्य तारीख सुरू होते.

इंजिन ऑइल आणि फिल्टर कोणीही बदलतो. विसरतात ती पुढची तेलं: गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. इथे मेस्त्रीजवळ उभी राहा आणि एकच सांग, आधी तेल भरायचा वरचा नट सैल करा, तो सुटला तरच खालचा सोडायचा नट उघडा. वरचा नट गंजून बसलेला असतो. खालून तेल सांडून झालं आणि वरचा निघालाच नाही तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं तेल स्वच्छ डब्यात घे आणि उन्हात बघ. काळं असेल तर वय झालंय, ठीक. दूध घातलेल्या चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. नटाच्या चुंबकावर लोखंडाची मऊ काळी पेस्ट नेहमीची आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर आतले दाते गेलेत, गाडी पुढे नेऊ नकोस.

पाणी कुठून शिरतं हे कळलं तर पुढची काळजी तुझी तुला घेता येईल. डिफरन्शियल चालून गरम होतं, आतली हवा फुगते. तशीच गाडी ओढ्यात घातली की लोखंड एकदम गार पडतं, हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. हे टाळायला वर एक श्वासनळी असते, ब्रीदर म्हणतात. ती चिखलानं बुजलेली असते. साफ करून घे आणि रबरी नळी जोडून बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्यायला सांग. खर्च नळीचा आणि चार क्लिपांचा.

मग ब्रेक. मागचे ड्रम उघडायलाच लाव, आतला गाळ काढून शू, सिलिंडर, हबची सीलं बघ. ब्रेक ऑइल पूर्ण नवं भर. ते हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी मिसळलेलं ऑइल घाटात तापलं की त्याचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं. क्लचचं ऑइलही त्याच दिवशी. कुलंट बदल, रेडिएटरचे पाइप दाबून बघ, कडक किंवा भेगाळलेले असतील तर सगळे नवे टाक आणि जुन्यातले बरे असतील ते अडीनडीला गाडीत ठेव. फॅन बेल्टचंही तसंच. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी सोडायला मेस्त्रीकडून शिकून घे, पावसाळ्यात दर पंधरवड्याला दोन मिनिटांचं काम आहे.

ग्रीस गन स्वतःची घे. जिथं जिथं निपल, म्हणजे ग्रीस भरायचं बोंड, आहे तिथं जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मार. चिखलातून आल्यावर पुन्हा मार, कारण नव्या ग्रीसनं आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. तुला जनावराच्या अंगावरची गोचीड शोधायची सवय आहे, निपल सापडायला जड जाणार नाहीत. पाट्यांचे यू-बोल्ट उघडले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घे.

टायर पाचही एकाच मापाचे हवेत, स्टेपनीसुद्धा. फोर व्हीलमध्ये एक चाक लहान-मोठं असलं की ट्रान्स्फर केस तो फरक सोसत बसतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा वर्षांपलीकडचे असतील तर दाते कितीही शिल्लक दिसोत, त्या लाखातून टायरला पैसे ठेव. बाकी एलईडी पट्ट्या, छपरावरची जाळी, स्नॉर्कल, काही नको. हवेचा छोटा कॉम्प्रेसर, प्रेशर गेज, गाडी ओढायचा आठ-नऊ मीटरचा चांगला पट्टा आणि तो अडकवायचे दोन शॅकल एवढं घे. चिखलात टायरची हवा १८ ते २० पीएसआयवर उतरवलीस तर अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात, डांबरावर येताना पुन्हा भर. साखळीनं गाडी ओढू देऊ नकोस. तुटली तर माणूस मारते.

ओढा ओलांडताना काठी घेऊन आधी पायी जा. चाकाच्या मध्यापेक्षा जास्त पाणी असेल किंवा पायाला ओढ लागत असेल तर थांब. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची नाही, फोन कोणाचाही असो. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा चावी मारू नकोस. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता कंटेनर. मागच्या डाव्या बाकाची पुढची बाजू, ड्रायव्हरला मान वळवून दिसेल अशी, ही जागा बरी. फरशीवर जाड रबर, भोवती लाकडी चौकट करून घे, आणि दोन बाजूंनी पट्ट्यानं बांध. कंटेनर उभाच राहिला पाहिजे, चढावरसुद्धा आडवा होता कामा नये. झाकण घट्ट बसवू नकोस, वायूला वाट लागते. आणि हे जपून वाच: एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. तीन लिटरचा लहान कंटेनर कलंडला तर दोन हजार लिटर वायू गाडीत भरेल, त्याला ना वास ना रंग. बंद गाडीत तो प्राणवायू हटवतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. नवं हूड शिवून घेशील तेव्हा मागची खिडकी चेनची ठेव, दोन बोटं उघडी राहील अशी, आणि पावसातही ती पूर्ण लावू नकोस. सीट थोडी भिजेल, भिजू दे.

शेतकऱ्याकडे कधी जाणार ते ठरव आणि सकाळीच जा, उन्हाच्या आत. मागच्या डिफरन्शियलचं तेल सोडशील तेव्हा डब्याचा एक फोटो काढून पाठव, मी बघून सांगतो.